गुडघ्यातला फुकट्या

पंचफुलाबाई मुनेश्वर यांनी उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली. आधी तिकिटं फाडली, पुढे मशीन आल्यावर मशीनमधून काढली, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीतून फुकट गेलेला माणूस अजून जन्माला यायचाय. असं त्या स्वतःच सांगतात, आणि त्यांना खोटं पाडायची हिंमत कळंबात कुणाच्या अंगात नाही.

एकदा कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला एक पुढारी गाडीत चढला होता. तिकीट मागितलं तर म्हणाला, "मले ओळखलं नाई काय बाई?" पंचफुलाबाई म्हणाल्या, "ओळखलं, म्हणून तं मागून राह्यली. ओळखलं म्हणून सोडत नसतात." पुढाऱ्याने मुकाट पैसे काढले. गाडीतली पोरं हसली, तेव्हा बाईंनी त्यांनाही दटावलं, कारण त्यातल्या दोघांनी तिकिटं काढलेलीच नव्हती.

फुकट्या कसा ओळखायचा, हे त्यांनी नव्या कंडक्टरांना कितीदा तरी सांगितलं होतं. तो तुमच्याकडे पाहत नाही. तो खिडकीबाहेर पाहतो. बाहेर पाहण्यासारखं काही नसलं तरी मन लावून पाहतो. तिथं जाऊन नुसता हात पुढे करायचा आणि म्हणायचं, "तिकीट." जास्त बोलायचं नाही. बाकीचं तोच बोलतो.

त्यांचा नवरा बाबाराव त्यांच्याच डेपोत ड्रायव्हर. यवतमाळ-मारेगाव गाडीवर दोघं कितीतरी वर्षं बरोबर होते. घरचं भांडण गाडीत आणायचं नाही आणि गाडीतलं घरी न्यायचं नाही, हा नियम बाईंनी घातला आणि बाबारावांनी पाळला. पण खरा नियम होता तो बेलचा. कंडक्टरने दोनदा बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. चतुर्थीला कळंबच्या चिंतामणीला जाणारी गर्दी दारापर्यंत लोंबकळायची, लोक "सोड ना बाप्पा, सोड" म्हणून बोंबलायचे, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. बाबाराव दोन्ही हात चाकावर ठेवून समोर पाहत बसायचे. टण टण झालं की मगच गिअर पडायचा. डेपोतले लोक चिडवायचे, की बाबाराव घरीसुद्धा बायकोने बेल दिल्याशिवाय जेवायला बसत नाही. बाबाराव हसून सोडून द्यायचे, कारण ते खरं होतं.

आता उभ्यानं, धक्के खात, एका हाताने दांडा धरून इतकी वर्षं काढल्यावर गुडघे शाबूत कसे राहणार? रिटायर होईपर्यंत उजवा गुडघा पार झिजला. यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टर शंकरसिंग राठोड यांनी तो काढून नवा बसवला, धातूचा आणि प्लॅस्टिकचा. सुरुवातीचे महिने सोन्यासारखे गेले. बाई पायी विहारात जायच्या, पायी यायच्या, आणि एसटीची ती उंच पहिली पायरी कुणाचा हात न धरता चढायच्या. चढताना आजूबाजूला कोण पाहतंय हेही पाहून घ्यायच्या.

मग गुडघा दुखायला लागला. आधी थोडा, मग रोज. हात लावला तर गरम लागायचा, सांजच्याला सुजायचा. एक्स-रे काढला तर सगळं जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, थोडं थांबा. मेडिकलवाल्या फकिराने कसल्या कसल्या भारी अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. गोळ्या चालू तोवर बरं वाटायचं, संपल्या की पुन्हा तेच. होता होता एक दिवस असा आला, की पंचफुलाबाई कळंबच्या स्टँडवर गाडीच्या दारात उभ्या राहिल्या, पाय उचलला, आणि तो पायरीपर्यंत गेलाच नाही. मागच्या माणसाने खाली वाकून त्यांचा पाय उचलून पायरीवर ठेवला. चांगला माणूस होता बिचारा. पण बाई तशाच खाली उतरल्या आणि ऑटो करून घरी आल्या. ज्या पायरीवर जन्म काढला ती आपल्याला परकी झाली, याचा त्यांना इतका संताप आला, की त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

गावाचं निदान तोवर होऊन गेलं होतं. कुणी म्हणे वजन, कुणी म्हणे वय. कुणी म्हणे, बाईला घरी बसवत नाही, म्हणून दुखणं काढलंय. एवढा खर्च करून बसवलेल्या नव्या गुडघ्याला नावं ठेवते, असंही कुणी म्हणालं. पंचफुलाबाई ओट्यावर बसून सगळ्यांना एकच उत्तर द्यायच्या.

"गुडघा माहा, आग माही, अन् निदान गावाचं! मी सांगून राह्यली ना, याच्या आत कोणीतरी बसलं हाये."

शेवटी राठोड डॉक्टरांनाही रक्ताच्या तपासणीवरून तसंच वाटायला लागलं. ते म्हणाले, "सांध्यात जंतू शिरला असेल. सुईने गुडघ्यातलं पाणी काढून लॅबमध्ये पाठवू. पण एक अट आहे. दोन आठवडे एकही अँटिबायोटिक पोटात जायला नको. गोळी चालू असली तर जंतू दबून बसतो आणि तपासणीत सापडत नाही."

पंचफुलाबाईंना हे ताबडतोब पटलं. चेकर येणार कळल्यावर फुकटे कसे सीटखाली दबतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की आजपासून या घरात गोळीचं नाव काढायचं नाही. सून दिपाली, म्हणजे रवीची बायको, अंगणवाडीत काम करायची, शहाणी मुलगी. तिने उरलेल्या गोळ्या गोळा करून टाकून दिल्या. बाबाराव काही बोलले नाहीत. ते बोलतच नसत, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

गोळी सुटली आणि गुडघा पेटला. बाईंना बारीक ताप राहू लागला, झोपेत कण्हू लागल्या. दिपालीने सासूसाठी मेथीचे लाडू केले, सांधेदुखीला आपल्याकडे करतात तसे. आणि एक नवल झालं. ज्या बाबारावांनी उभ्या जन्मात बायकोला पाण्याचा गिलास उचलून दिला नव्हता, ते सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने लाडू आणून द्यायला लागले. "खा वं, गुडघ्याले बरा असते," म्हणायचे आणि ती पुरता खाईपर्यंत जवळ बसायचे. बाईंना बरं वाटलं. म्हातारपणी का होईना, माणसाला सुचलं, असं त्या दिपालीला म्हणाल्यासुद्धा. दोन-चार दिवसांत आगही जराशी उतरली. तो मेथीचा गुण, असं सगळ्यांनी धरलं.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं. बाईंनी हूं की चूं केलं नाही. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांच्या समोर दोघं नवरा-बायको बसले होते.

"कल्चरमध्ये काही उगवलं नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे जंतू नाही. सांधा सैल झाला असेल. तो काढून त्याच ऑपरेशनमध्ये नवा बसवून टाकू. मंगळवारची तारीख देतो."

"मंग गरम काहून होते?"

"आता तसं पाहिलं तर पाण्यात पेशी वाढलेल्या आहेत. लॅबच्या मॅडमनासुद्धा तोच प्रश्न पडलाय. पण उगवलं काहीच नाही, बाई. किती दिवस थांबणार?"

पंचफुलाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "डाक्टरसाहेब, समजा आत जंतू हाये अन् तुमी नवा बसवला. मंग?"

राठोड डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी लपवलं नाही. "मग तो नव्यावरही बसेल. दुसऱ्यांदा बिघडला तर पुढे गुडघा कायमचा ताठ करून टाकावा लागतो. अगदीच हाताबाहेर गेलं तर पाय."

पाय म्हटल्यावर बाबाराव जागेवरच हलले. बाई हलल्या नाहीत. मनातून घाबरल्या, चांगल्याच घाबरल्या, पण ते दाखवलं तर त्या पंचफुलाबाई कसल्या.

"मंगळवार कापा," त्या म्हणाल्या. "जोवर आत कोण हाये थे कळत नाई, तोवर या गुडघ्याले कोणी हात लावायचा नाई."

आणि काठी टेकत त्या तडक लॅबमध्ये गेल्या, मागोमाग बाबाराव. लॅब त्याच गल्लीत पुढे होती. तिथल्या डॉक्टर प्रियंका मॅडम वयाने बाईंच्या मुलाहूनही लहान. पंचफुलाबाईंनी दारातूनच सुरुवात केली.

"माह्या गुडघ्याच्या पाण्याचं काय केलं तुमी? सांडलं, का दुसऱ्याच्या बाटलीसंग बदललं?"

कळंबात या आवाजाने लोक खिशात हात घालायचे. प्रियंका मॅडम जागच्या उठल्यादेखील नाहीत. "मावशी, माझ्या लॅबमध्ये बाटली बदलत नाही. ओरडायचं असेल तर ओरडून घ्या, मग बसा, मी सांगते."

आपल्या तोडीचं माणूस भेटलं की पंचफुलाबाईंना आतून बरं वाटतं. त्या बसल्या.

मॅडमनी समजावलं. गुडघ्यातलं पाणी जंतूंच्या खाण्यात घालून उबेत ठेवतात, आपण दुधाला विरजण लावतो तसं. आत एखादा जिवंत जंतू असला तर तो वाढतो, आणि मग त्याची जात कळते, कोणत्या औषधाने मरेल ते कळतं. काही जंतू आळशी असतात, म्हणून बाटली दोन आठवडे ठेवून पाहतात. "मी पूर्ण मुदत ठेवली. काही आलं नाही. पण तुमच्या पाण्यात पांढऱ्या पेशी इतक्या आहेत, की चांगल्या गुडघ्यात तेवढ्या नसतात. शरीर कुणाशीतरी भांडतंय. कुणाशी ते दिसत नाही. असं बहुतेक वेळा एकाच कारणाने होतं. पोटात अँटिबायोटिक गेलेलं असतं."

"एकबी गोळी नाई खाल्ली!" बाई उसळल्या. "माह्या नोकरीची आन घेऊन सांगतो. साऱ्या कळंबाले ठाऊक हाये. इचारा यायले!"

असं म्हणून त्यांनी साक्षीसाठी नवऱ्याकडे पाहिलं. बाबाराव खिडकीबाहेर पाहत होते. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती आणि त्या भिंतीवरून गेलेला एक पाइप. बाबाराव तो पाइप मन लावून पाहत होते.

पंचफुलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या नुसतं "येते" म्हणाल्या आणि उठल्या. रस्त्यावर आल्यावर चहाच्या टपरीशेजारी त्या थांबल्या, नवऱ्यासमोर वळल्या आणि नुसता हात पुढे केला.

"तिकीट."

बाबारावांची मान खाली गेली. ऑटो येत होते, जात होते. टपरीवाल्याने दोन चहा विचारले, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"लाडवात," बाबाराव म्हणाले.

"काय लाडवात?"

"फकिराकडून गोळ्या आणल्या. कुटून लाडवात दाबत होतो. मेथी कडूच असते, तुले समजलं नाई. तू कण्हत होती, रवीची माय. मले पाहवलं नाई. डाक्टर जाईन घरी झोपाले, लॅबवाली जाईन. मी बाजूले पडून आयकत होतो ना."

पंचफुलाबाईंना त्या क्षणी दोन गोष्टी एकाच वेळी वाटल्या. याला इथंच, भर रस्त्यात, चार शिव्या द्याव्यात, आणि याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावं. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"इतकी वर्सं गाडी चालवली तुमी माह्यासंग," त्या म्हणाल्या. "यावेळची बेल कोणी दिलती?"

बाईंनी काठी फिरवली आणि त्या परत लॅबमध्ये गेल्या. माफी मागायची सवय नसल्यामुळे माफीसुद्धा त्यांनी वरच्या पट्टीतच मागितली. "मॅडम, माही चूक झाली. तुमच्यावर आळ घेतला, अन् चोर माह्याच घरी निंगाला. मेथीच्या लाडवातून चारत होते मले."

प्रियंका मॅडमना हसू आवरेना. मग बाबाराव दारात उभे दिसले आणि त्या हसायच्या थांबल्या. "काका, त्या गोळीने जंतू मेला नाही. नुसता लपला. मावशींना बरं वाटलं ते तेवढ्यापुरतंच." त्या बाईंकडे वळल्या. "आता पुन्हा दोन आठवडे. खरेखुरे. जमेल?"

"मले इचारता?" बाई म्हणाल्या.

राठोड डॉक्टरांनीही मान्य केलं, पण बजावून सांगितलं, की थंडी वाजून ताप भरला तर हट्ट करायचा नाही, सरळ निघून यायचं.

ते दोन आठवडे पंचफुलाबाईंच्या घराची छावणी झाली. गोळी बंद म्हटल्यावर गुडघा आधीपेक्षा जास्त भडकला. बाई ओट्यावर पाय लांब करून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी लढायच्या. शेजारीण झाडपाल्याचा लेप घेऊन आली, तिला दारातून परत पाठवलं. एक नातेवाईक मारेगावहून मुद्दाम आला, तिकडे कुणी मालीश करणारा आहे म्हणाला. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. फकिरा स्वतः पाकीट घेऊन आला, म्हणाला, "मावशी, ही नवीन हाये, पोटातबी लागत नाई." बाई म्हणाल्या, "फकिरा, तुह्या गोळीनं चोर लपते. तुले चोराची सोय कराची हाये, का माही?" फकिरा पाकीट खिशात घालून गेला. दिपालीने लॅबला फोन करून विचारलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, की तापाची साधी गोळी चालेल, तिने काही बिघडत नाही. पण बाईंनी तीही घेतली नाही. गोळी म्हणजे गोळी, असा त्यांचा हिशेब. हा शुद्ध अडाणीपणा होता आणि दिपालीने तसं तोंडावर सांगितलं, पण कोण ऐकतंय.

नवऱ्याशी त्या बोलत नव्हत्या. बाबाराव भांडी घासायचे, पाणी भरायचे, दिपाली अंगणवाडीत गेली की स्वयंपाकाचंही पाहायचे, आणि ताट वाढलं की दारात उभे राहायचे. बाईंनी मान हलवली तर ताट पुढे ठेवायचे, नाही तर तसेच उभे. उरलेल्या बिनगोळीच्या लाडवांचा डबा त्यांनी आपण होऊन शेजारच्या पोरांत वाटून टाकला होता.

एका दुपारी तापाने बाईंचं अंग कापायला लागलं. दिपालीने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तासाभरात थांबलं नाही तर घेऊन या. बाबाराव ऑटो आणून दारात उभा करून आले. तेवढ्या वेळात पंचफुलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या आणि रडत होत्या. पाय जाईल, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. समजा या खेपेलाही बाटलीत काही उगवलं नाही तर? मग गाव म्हणेल तेच खरं ठरेल. म्हातारीला काही झालंच नव्हतं. मग आपण स्वतःवर तरी भरवसा कसा ठेवायचा? कापरं हळूहळू उतरलं. ऑटोवाल्याला परत पाठवलं. बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि चहा मागितला.

ठरल्या दिवशी डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या सुयांनी, दोन वेगवेगळ्या बाटल्यांत पाणी काढलं. दोन कशाला, असं बाईंनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "समजेल."

आठवडा होत आला तेव्हा मॅडमचा फोन आला. "एका बाटलीत उगवलंय. पण मावशी, लगेच गावजेवण घालू नका. हा कातडीवर राहणारा जंतू आहे. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या अंगावर असतो. सुईबरोबर कातडीवरून बाटलीत आला असू शकतो. दुसऱ्या बाटलीतही तोच आला तर मी छातीठोक सांगेन, की गुडघ्यातला आहे."

"एका साक्षीदारावर सजा नाई, असंच ना?"

"असंच."

पुढचे दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. आणि मग एका सकाळी फोन वाजला. बाईंनी तो कानाला लावला, ऐकला आणि अंगणात येऊन ओरडल्या.

"उगवलं! दिपाली, उगवलं वं! दोन्हीत तोच हाये!"

आपल्या गुडघ्यात रोग सापडला म्हणून इतका आनंद झालेली बाई कळंबाने त्याआधी पाहिली नव्हती. सगळी गल्ली बाहेर आली. पंचफुलाबाईंनी प्रत्येकाकडे नाव घेऊन पाहिलं. वजन म्हणणाऱ्याकडे, वय म्हणणाऱ्याकडे, दुखणं काढलंय म्हणणाऱ्याकडे. "माह्या मनात होतं ना? हे पाहा, मनातलं बाटलीत आलं!" बाबाराव मागे दारात उभे होते. ते रडत होते, पण पुढे आले नाहीत.

राठोड डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाले, "तुम्ही अडून बसला नसता तर मी नवा सांधा त्याच्याच घरात नेऊन बसवला असता."

"अन् यायनं लाडू चारले नसते तं तुमाले पह्यल्याच खेपेले दिसला असता," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडं काई बाकी नाई, डाक्टरसाहेब. आता सांगा, याले बाहीर कसा काढाचा?"

ते सोपं नव्हतं. जंतूने धातूवर सायीसारखा थर धरला होता, नुसत्या औषधाने तो निघणार नव्हता. बसवलेला गुडघा काढायचा, त्याच्या जागी औषध घातलेलं सिमेंट भरायचं, रिपोर्टमध्ये ज्या औषधाने जंतू मरतो असं आलं तेच द्यायचं, आणि आत सगळं स्वच्छ झालं की मगच नवा बसवायचा. मधले काही महिने वॉकर घेऊन लंगडत काढावे लागणार होते. डॉक्टर दबकत दबकत सांगत होते. बाईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

"उतरवा त्याले. मंधात थांबा असो का नसो. बिनातिकिटाच्याले मी कधी स्टँडपर्यंत नेलं नाई."

ते महिने वाईट गेले, ते कशाला लपवा. बाई चिडल्या, रडल्या, वॉकर एकदा अंगणात फेकून दिला आणि दिपालीने तो मुकाट उचलून आणला. बाबाराव तसेच दारात उभे राहत. आता गरजेपुरतं बोलणं होई. औषध द्या, खिडकी लावा. पण त्यांच्यात काहीतरी जागच्या जागी थांबून राहिलं होतं, आणि बाबाराव त्याला धक्का मारायला धजत नव्हते.

दुसरं ऑपरेशन झालं. त्या वेळी आतून काढलेले तुकडे पुन्हा प्रियंका मॅडमकडे गेले, पुन्हा पुरी मुदत ठेवले गेले, आणि या खेपेला काही उगवलं नाही. मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं. बाईंनी फोन ठेवण्याआधी विचारलं, "नक्की? कोणी लाडू गिडू चारला नाई ना यावेळी?" पलीकडून मॅडम हसल्या. मग बाईही हसल्या.

आणि एके दिवशी सकाळी पंचफुलाबाई कळंबच्या स्टँडवर आल्या. यवतमाळला दवाखान्यात दाखवायला जायचं होतं. दिपालीने ऑटो सांगितला होता, तो त्यांनी परत पाठवला. गाडी लागली. गर्दी नव्हती. बाई दारासमोर उभ्या राहिल्या आणि त्या पहिल्या पायरीकडे पाहत राहिल्या. कंडक्टर तरणी पोरगी होती. तिने वरून हात पुढे केला.

"हात नको," बाई म्हणाल्या. "अन् घाई करू नको."

त्यांनी दांडा धरला. उजवा पाय उचलला. तो वर गेला, पायरीच्या कडेवर टेकला, घसरल्यासारखा झाला आणि बसला. मागे बाबाराव दोन्ही हात पुढे करून उभे होते, अंगाला न लावता, नुसते पुढे करून. बाईंना मागे न पाहताही ते दिसत होते. त्यांनी दात दाबून अंगाचा भार उजव्या पायावर टाकला. गुडघा दुखला, पण ते जखम भरतानाचं दुखणं होतं, ती आग नव्हती. दुसरा पाय वर आला. मग दुसरी पायरी, मग तिसरी. गाडीत चढून त्या पहिल्याच सीटवर बसल्या आणि श्वास घेतला.

पोरगी म्हणाली, "मावशी, तुमाले ओळखलं मी. तुमचं काय तिकीट घ्याचं, बसा तुमी."

"ओळखलं म्हणून सोडत नसतात," पंचफुलाबाई म्हणाल्या. "दोन काढ."

पोरीने दोन तिकिटं काढली आणि आजूबाजूला पाहिलं. बाईंच्या बरोबरचं दुसरं माणूस गाडीत दिसेना. बाबाराव खालीच होते, पायरीसमोर, दोन्ही हात आता पाठीमागे. चढत नव्हते. बाईंकडे पाहत होते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मागच्या सीटवरून कुणीतरी "चला ना बाप्पा" म्हणालं, तरी ते हलले नाहीत.

पोरगी बेलच्या दोरीकडे हात नेत होती. पंचफुलाबाईंनी तिचा हात अडवला. त्या एका हाताने सीटची कड धरून अर्ध्या उठल्या, वर हात घातला आणि दोरी स्वतः ओढली. दोनदा.

टण टण.

बाबाराव गाडीत चढले.